तूस आणि दाणा

आजरा तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत जून महिन्यात नव्या बाई रुजू झाल्या. बाई पुण्याकडच्या. एसटीतून उतरल्या तेव्हा पाऊस असा लागला होता की शाळा कुठे आणि शिवार कुठे, काही कळत नव्हते. पिशवीत कपड्यांच्या मधोमध, प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी दोन पुस्तके आणली होती. एक मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन', पाने सुटल्यामुळे दोऱ्याने शिवलेले. दुसरे मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण', 1911 साली पहिल्यांदा निघालेला ग्रंथ, वडिलांनी दिलेला. बाईंचा व्याकरणावर जीव होता. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना घासातल्या खड्यासारखी दाताखाली लागायची.

सातवीच्या वर्गात तेवीस मुले होती. बाईंनी पहिला निबंध दिला, 'पावसाळ्यातील एक दिवस'. दुसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा घेऊन त्या खिडकीपाशी बसल्या आणि लाल पेन उघडले.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने लिहिले होते: "आमचं रोप लावायचं चालु हुतं. आज्जी वाकून लावत हुती. तिच्या इरल्यावर पाउस असा वाजत हुता जसं कोणितरी फुटाणे भाजतय. मदीच ती ताठ उभी राहिली आणि म्हनली, मला पाठ हाय का बघ गं, मला तर लागंना झालीया. सांजला ती दारात आली आणि आत वराडली, मी आलो गं, चुल पेटव."

बाईंचे पेन सपासप चालले. 'चालु'वर गोल, 'पाउस'वर गोल, 'कोणितरी', 'भाजतय', 'मदीच', 'म्हनली', 'चुल', सगळ्यांवर गोल. सर्वांत मोठा गोल 'मी आलो'वर पडला. समासात त्यांनी नीट अक्षरात लिहिले, 'आजी स्त्रीलिंगी. मी आले, असे हवे.' दहापैकी तीन गुण दिले. भात लावून लावून म्हातारीला स्वतःची पाठ जाणवेनाशी झाली, या वाक्यावर चार गोल होते. त्या वाक्याने मात्र बाईंना थांबवले नाही.

वही परत मिळाल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "पण बाई, आज्जी तसंच म्हणती."

"म्हणत असतील. पण लिहायचं ते शुद्धच लिहायचं," बाई समजुतीने म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. या मुलांचे पुढे कुठे अडू नये, कुणी त्यांना अडाणी म्हणू नये, एवढीच त्यांची तळमळ होती. त्यासाठी त्या रोज एक तास जादा थांबत. अकारान्त मराठी शब्दातले उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतात आणि प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतात, म्हणून 'विहीर' पण 'विहिरीत', 'फूल' पण 'फुलाला', असे त्या फळ्यावर पन्नास वेळा लिहून घेत.

मेहनतीला फळ आले. दिवाळीपर्यंत वह्या स्वच्छ झाल्या. लाल गोल तीसवरून तीनवर आले. सुट्टीनंतर बाईंनी 'माझी आजी' हा निबंध दिला आणि रात्री दिव्याखाली तपासायला बसल्या. "माझी आजी खूप प्रेमळ आहे. ती मला छान छान गोष्टी सांगते. मला माझी आजी खूप आवडते." चूक एकही नाही. पुढची वही. "माझी आजी खूप प्रेमळ आहे." त्याच्या पुढची वही. "माझी आजी खूप प्रेमळ आहे." पंधराव्या वहीपाशी बाई थांबल्या. ही कुणाची आजी, हे त्यांना कळेना. मुखपृष्ठावरचे नाव पाहावे लागले. तिसऱ्या बाकावरच्या मुलीचीच वही होती ती. तेवीस घरांतल्या तेवीस म्हाताऱ्या, आणि वहीत सगळ्यांची मिळून एकच आजी उरली होती.

बाईंनी दहापैकी नऊ गुण दिले, पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. काहीतरी हातून सांडले होते. काय, ते सापडत नव्हते.

डिसेंबरात मळण्या उरकल्या. आजऱ्याचा घनसाळ म्हणजे बारीक दाण्याचा, वासाचा तांदूळ. एका घरात शिजत असला तर गल्लीला कळते. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. बाईंच्या आईने पुण्याहून मागणी केली होती म्हणून बाई एका रविवारी त्या मुलीच्या घरी पायलीभर तांदूळ आणायला गेल्या. दारात उभे राहून त्यांनी हाक मारली, "आहे का कुणी घरात?"

परसातून खणखणीत आवाज आला, "आलो, मी आलो! बसा, हात धुवून आलो!"

घरातले कुणी मोठे पुरुष माणूस असेल असे समजून बाई बाजूला सरकून उभ्या राहिल्या. पदराला हात पुसत बाहेर आली ती मुलीची आजी.

बाई जागच्या जागी खिळल्या. सहा महिन्यांपूर्वी ज्या दोन शब्दांवर त्यांनी सर्वांत मोठा गोल काढला होता, ते शब्द आज त्यांच्या कानांवर आले होते, जसेच्या तसे. मुलीने चूक केली नव्हती. तिने ऐकले होते आणि ऐकले तेच लिहिले होते.

सोप्यात जमिनीत पुरलेले दगडी उखळ होते. आजीचे सगळे भात गिरणीतच जाई, पण देवाच्या नैवेद्यापुरते ती अजून हाताने सडत असे. त्या दिवशी नेमके तेच काम काढले होते आणि नातीला शिकवणे चालू होते. आजीने सुपातला एक दाणा उचलून दाताखाली धरला. कट्टकन आवाज झाला.

"आता वाळलंय," ती बाईंना म्हणाली. "वलं भात उखळात घातलं तर चेंदा हुतोय. आणि लई उन्हात टाकलं तर दाणा आतल्या आत तडकतोय. येळ बघाय लागती."

नातीने दोन्ही हातांनी मुसळ उचलले आणि जोर लावून घाव घातला. घाव घातला, आणखी घातला. आजीने तिचा हात धरला, उखळात हात घातला आणि मूठभर काढून तळहातावर पसरले. निम्मे दाणे फुटले होते.

"बघ. कण्या केल्यास. जोर न्हवं लावायचा, पोरी. मुसळ आपल्या वजनानं पडाय पायजे. भातावर भात घासलं की तूस आपसूक निघतंय." मग बाईंकडे वळून, रोजच्या कामातली साधी गोष्ट सांगावी तसे ती म्हणाली, "तूस काढल्याबिगर जेवाण न्हाई, बाई. आणि दाणा फोडला तर जेवणात राम न्हाई."

बाईंनी आजीच्या तळहातावरच्या कण्यांकडे पाहिले. त्यांना आपल्या टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा दिसला.

त्यानंतरच्या दिवसांत बाईंचे कान उघडले. स्टँडवर, नळावर, पिठाच्या गिरणीत बायका बोलत ते त्या ऐकू लागल्या. "मी जातो गं." "मी इसरलोच बघ." म्हाताऱ्या म्हणत, सुना म्हणत, वर्गातल्या मुलीही मधल्या सुट्टीत म्हणत. पण 'ती आला' असे कुणीच म्हणत नव्हते. दुसरीबद्दल बोलताना 'ती आली', 'ती गेली', आणि स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी गेलो'. चूक अशी सगळ्यांकडून, एकाच जागी, एकसारखी होत नाही. इथल्या बोलीचा तो नियम होता. कुणी शिकवला नव्हता, तरी कुणी मोडत नव्हते.

बाईंनी लाल पेन कपाटात ठेवले. जानेवारीपासून त्यांनी मुलांना सांगितले, "मनात येईल ते लिहा. मी गोल काढणार नाही." पहिले दोन दिवस मुलांचा विश्वास बसला नाही. मग बांध फुटावा तशी ती लिहू लागली. एका मुलाने रात्री उसात शिरलेल्या हत्तीबद्दल लिहिले. डबे वाजवून माणसे थकली, आणि शेवटी, "हत्ती गेल्यावर बा मोडलेला उस मोजत बसला. मी कंदिल धरला." ते वाचून बाईंचे डोळे भरले. दुसऱ्या मुलीने काजूच्या बिया भाजताना हातावर उडालेल्या चिकाचा डाग कसा आला, ते लिहिले. वह्या भरू लागल्या. आपण योग्य केले, असे बाईंना वाटले.

मार्चमध्ये एक निकड निघाली. वाडी आणि शाळा यांच्या मध्ये ओढा होता. त्यावरच्या लाकडी साकवाच्या फळ्या कुजल्या होत्या आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवरून यावे लागे. मुलांनीच ठरवले, ग्रामपंचायतीला अर्ज करायचा. हत्तीबद्दल लिहिणारा मुलगा मन लावून बसला. अर्ज लांबलचक झाला, अंतःकरणापासून लिहिलेला. बाईंनी त्यातले काही दुरुस्त केले नाही. मुलांचे आहे, मुलांसारखेच जाऊ दे, असे त्यांनी ठरवले.

आठ दिवसांनी उत्तर आले. संबंधित मुलाने वरच्या बाजूच्या रस्त्याने यावे, त्याच्या पालकांना तसे कळवावे.

मुले गोंधळली. "संबंधित मुलगा कोण?" त्यांनी बाईंना विचारले. बाईंनी अर्जाची प्रत काढली आणि त्यांच्या लक्षात आले. मुलाने लिहिले होते, 'पावसाळ्यात शाळेकडे येताना मुलाचे हाल होतात. मुलाचा पाय घसरतो. मुलाला ओढ्यातून यावे लागते.' आरंभापासून शेवटपर्यंत 'मुलाचे', 'मुलाचा', 'मुलाला'. 'ला'वर टिंब नाही. वाचणाऱ्याने एका मुलाची अडचण वाचली आणि एका मुलापुरता उपाय सांगितला. त्यात त्याचा दोष काढता येत नव्हता. जे लिहिले होते, तेच त्याने वाचले होते.

मुलगा रडवेला झाला. "बाई, मी समद्यांसाठनं लिवलं हुतं."

"हो रे," बाई म्हणाल्या. "तुझ्या मनात सगळी होती. कागदावर मात्र तू एकटाच राहिलास."

त्या संध्याकाळी बाईंना आजीचे वाक्य पुन्हा आठवले, आणि या वेळी ते पूर्ण आठवले. 'दाणा फोडला तर जेवणात राम न्हाई' एवढा अर्धा भाग त्या घरी घेऊन आल्या होत्या. त्याच्या आधीचा अर्धा उखळापाशीच राहिला होता: तूस काढल्याबिगर जेवाण न्हाई. पहिले सहा महिने त्यांनी दाणे फोडले होते. पुढचे तीन महिने मुलांना तुसासकट भात वाढला होता.

शनिवारी दुपारी बाई आजऱ्याच्या वाचन मंदिरात गेल्या. जुन्या कपाटात 1962 पूर्वीची पुस्तके होती. त्यांनी एक उघडले. 'नांव', 'कांहीं', 'घरांत', पानोपानी अनुस्वार. असे आज मुलाने लिहिले तर आपण गोल काढू, आणि त्या काळी हा अनुस्वार गाळणाऱ्या मुलावर कुणा गुरुजींनी गोल काढला असेल. मराठी साहित्य महामंडळाने 1962 साली चौदा नियम केले, उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. 1972 साली आणखी चार नियम आले. नियम माणसांनीच केले, माणसांसाठी केले. चंदगडच्या माणसाने लिहिलेले चंद्रपूरच्या माणसाला न अडखळता वाचता यावे, यासाठी सगळ्यांनी मिळून दिलेला तो शब्द आहे. दिलेला शब्द पाळायचा असतो. आणि दिलेल्या शब्दात काय काय आहे, तेही नीट वाचायचे असते. पात्राच्या तोंडी बोलीतली 'केलं', 'सांगितलं' अशी रूपे घालता येतात, अशी सोय त्याच नियमांनी केलेली आहे. बाईंनी हा नियम पाठ केला होता. त्याचा उपयोग कधी केला नव्हता.

शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका निवृत्त गुरुजींशी त्या बोलू लागल्या. आपली अडचण त्यांनी सांगितली. गुरुजी उठले आणि त्यांनी दोन पुस्तके आणून समोर ठेवली. 1967 सालचे 'मृत्युंजय' आणि 1971 सालचे 'गोतावळा'.

"शिवाजी सावंत याच आजऱ्यात जन्मले," ते म्हणाले. "आणि आनंद यादव इथून लांब नाही, कागलचे. एकाच जिल्ह्यातली दोन माणसं. सावंतांचा कर्ण भरजरी मराठी बोलतो. यादवांचा नारबा, शेतावरचा गडी, सबंध कादंबरी आपल्या बोलीत सांगतो. कर्णाला नारबाची बोली देऊन बघा, किंवा नारबाला कर्णाची. दोघंही मरतील. भाषा कुणाच्या तोंडची आहे ते आधी ओळखायचं, मग तिचा नियम काटेकोर पाळायचा. दोघांनीही तेच केलंय."

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी बाईंनी वर्गात एक सूप आणले. त्यात भात होते. आजीने शिकवलेले त्यांनी मुलांना सांगितले आणि लिहिण्याचा नवा नेम घालून दिला.

पहिला दिवस पिकाचा. त्या दिवशी फक्त लिहायचे, खोडायचे नाही, घाबरायचे नाही. दुसरा दिवस वाळवणाचा. वही मिटून ठेवायची, मग तिसऱ्या दिवशी आपलेच लिखाण मोठ्याने वाचायचे. जिथे जीभ अडखळेल तिथे खूण करायची. चौथा दिवस सडण्याचा. आठवड्याला एकच नियम घ्यायचा. या आठवड्यात अनेकवचनाचा अनुस्वार, पुढच्या आठवड्यात उपान्त्य दीर्घ. तेवढीच चूक शोधायची आणि ज्याची त्याने शोधायची, भातावर भात घासते तशी. शेवटी पाखडण. वाचणाऱ्याला नको असेल ते उडवून द्यायचे.

बाईंनी स्वतःलाही एक नेम घातला. कुठल्याही वहीवर लाल खूण करण्याआधी त्या वहीतले एक जिवंत वाक्य शोधायचे आणि त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायची. असे वाक्य सापडेपर्यंत लाल पेन उघडायचे नाही.

अर्ज पुन्हा लिहिला गेला. अर्जाची भाषा प्रमाण, कारण तो वाडीबाहेरच्या माणसाने वाचायचा होता. मुलाने स्वतःच प्रत्येक 'मुलाचे' शोधून त्यावर टिंब दिले. प्रत्येक टिंब देताना तो एकेका सोबत्याचे नाव तोंडाने घेत होता, हे बाईंनी पाहिले. मेअखेरीस साकवावर नव्या फळ्या बसल्या.

वर्ष संपताना बाईंनी पहिलाच निबंध पुन्हा लिहायला दिला. तिसऱ्या बाकावरच्या मुलीची वही हातात आली तेव्हा त्या सावकाश वाचू लागल्या. रोप लावणारी आजी होती. इरल्यावर फुटाणे भाजल्यासारखा वाजणारा पाऊस होता, आणि आता 'पाऊस'मधला 'ऊ' दीर्घ होता. "मला पाठ हाय का बघ गं," हे वाक्य अवतरणचिन्हांत जसेच्या तसे होते. बाईंनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मग शेवटची ओळ आली.

"मी आलो गं, चूल पेटव," म्हणत आजी दारात आली.

एका ओळीत 'आलो' आणि 'आली' शेजारी नांदत होते. एक आजीच्या तोंडचे, एक नातीच्या लेखणीचे. दोन्ही आपापल्या जागी बिनचूक. बाईंनी लाल पेनाचे टोपण काढले होते. ओळ पुन्हा एकदा वाचून त्यांनी ते बंद केले.

तात्पर्य: नियम हे मुसळ आहे आणि मुलाचे मन हा दाणा. मुसळाशिवाय तांदूळ हाती येत नाही, पण घाव किती, केव्हा आणि कुठे घालायचा, हे कळले तरच तो अख्खा राहतो. शिकवणाऱ्याने तूस काढावे, दाणा राखावा.